मायेचा रतीब

लहान शहरांतली माणसे मायाळू आणि मोठ्या शहरांतली कोरडी, असे म्हणण्याचा आपल्यात प्रघात आहे. लहान शहरांत राहणारे आपण हे वाक्य मोठ्या समाधानाने ऐकतो. ते खरे आहे की नाही हे पाहण्याच्या खटपटीस मात्र सहसा लागत नाही. साताऱ्यासारख्या शहरात जन्म घालविलेल्या आम्हांस हे समाधान पुष्कळ वर्षे पुरले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले गाव. सोमवारापासून रविवारापर्यंत साती वारांच्या नावांच्या पेठा. मोती चौकात गेले तर दहा माणसांत चार ओळखीची निघावयाची. कोणाच्या घरी पाहुणा उतरला ही वार्ता दिवेलागणीपर्यंत आळीभर व्हावयाची. अशा ठिकाणी माणूस एकटा पडणे शक्यच नाही, अशी आमची खात्री होती. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ती खात्री कशी ढासळली, हे आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे. गोष्ट आमच्या फजितीची आहे. परंतु तीतून जे हाती लागले ते घरोघर उपयोगी पडण्यासारखे आहे, म्हणून संकोच बाजूस ठेवून लिहीत आहोत.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक सेवानिवृत्त शिक्षिका राहतात. आळीतील सर्वजण त्यांना नुसते ‘बाई’ म्हणतात. वय ऐंशीच्या घरात. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगा परदेशी, मुलगी बंगळुरास. दोघेही आईची आठवण ठेवणारी आहेत. दर रविवारी मोबाइलवर एकमेकांचे चेहरे पाहून बोलणे होते, पैशास कमी पडत नाही. बाई स्वतः मोठ्या मानी. कोणापुढे गाऱ्हाणे गाणे त्यांच्या स्वभावातच नाही. आम्ही जाता-येता, “बाई, बरं आहे ना?” असे विचारीत असू, आणि “बरं आहे” हे उत्तर येण्याच्या आत चार पावले पुढे गेलेले असू. एवढ्यावर आपण शेजारधर्म पाळीत आहो अशी आमची समजूत होती.

त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास रतिबाचे दूध घालणारा गवळी आमच्या दाराशी आला. हा गृहस्थ जवळच्याच एका खेड्यातून दुचाकीला किटल्या अडकवून रोज गावात येतो. तो म्हणाला, “काका, बाईंनी दार उघडलं नाही. रोज मी यायच्या आधी पातेलं घेऊन दारात असतात.” आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, “पाऊस आहे. डोळा लागला असेल. दूध आमच्याकडे ठेवून जा.” त्याने दूध ठेवले आणि तो गेला. आम्ही पुढचे पान उलटले.

आठ वाजून गेल्यावर तो परत आला. एव्हाना रतीब उरकून तो आपल्या गावच्या वाटेस लागलेला असावयाचा. “काका, माझं मन लागंना. नेलं का बाईंनी दूध?” दूध आमच्या ओट्यावर तसेच झाकलेले होते. तेव्हा कोठे आम्ही उठलो. हाका मारल्या, कडी वाजविली. उत्तर नाही. तो गवळी वाड्याच्या मागल्या अंगाने गेला, न्हाणीघराच्या खिडकीतून त्याने पाहिले आणि तो ओरडला. बाई खाली पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. पहाटे साडेपाच वाजता त्यांचा पाय घसरला, आणि तेव्हापासून अडीच तास त्या ओल्या फरशीवर होत्या.

पुढे इस्पितळात भूल उतरल्यावर बाईंनी कोणाकडे तक्रार केली नाही. फक्त एक गोष्ट त्या सहज बोलून गेल्या: “हाक पोचेना, म्हणून तांब्या भिंतीवर आपटत होते.” ती भिंत आमची. आणि येथे आम्हांस कबूल केले पाहिजे की, तो आवाज आम्ही ऐकला होता. कोणी खिळा ठोकीत असेल असे वाटून आम्ही बातम्यांचा आवाज थोडा वाढविला होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. लेक धावत आली, महिनाभर राहिली, आणि रजा संपल्यावर डोळे पुसून परत गेली. बाई चालण्याच्या चौकटीचा आधार घेऊन घरात फिरू लागल्या. ह्या काळात आमच्या आळीने मायेचा पूर लोटला. पहिल्या आठवड्यात एके दिवशी पाच घरांतून शिरा आला. बाई हसून म्हणाल्या, “इतका शिरा खाल्ला तर हाड जुळेल, पण साखर वाढेल.” दुसऱ्या आठवड्यात डबे निम्म्यावर आले. चौथ्या आठवड्यात, म्हणजे लेक गेल्यावर, नेमकी ज्या वेळी गरज होती त्या वेळी, आम्ही सर्वजण आपापल्या उद्योगांत गढून गेलो होतो. कोणाचे मन वाईट नव्हते. प्रत्येकास वाटत होते की, दुसरे कोणी जात असेलच.

हा अनुभव काही आमच्या एका आळीचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला आणि पंचगंगेला महापूर आला, तेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण तेथे ४५ फुटांवर आहे. त्या दिवसांत गावोगावच्या घरांतून भाकऱ्यांच्या चवडी बांधून गेल्या, कपड्यांची गाठोडी गेली, तरुण मुले चिखल उपसण्यास गेली. ते पाहून कोणाचेही मन भरून यावे. संकट समोर दिसले म्हणजे आपला समाज हात आखडता घेत नाही, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु पूर ओसरला, भिंती वाळल्या, वर्तमानपत्रांतील छायाचित्रे थांबली, आणि ज्याची गाय वाहून गेली त्याचे पुढचे वर्ष कसे गेले हे विचारणारे थोडे राहिले. आपल्या दयेला उमाळा येतो. जसा येतो तसा तो ओसरतोही. त्या गवळ्याने बाईंचा जीव वाचविला तो उमाळ्याने वाचविला असे म्हणता येणार नाही. तो रोज ठरल्या वेळी त्या दाराशी उभा राहत होता, म्हणून दार न उघडणे ही गोष्ट त्याच्या लक्षात आली. आम्ही भिंतीशी होतो, तरी आम्हांस आली नाही. दुधाचा असतो तसा मायेचाही रतीब असावा लागतो, एवढीच गोष्ट आम्ही त्या सकाळी शिकलो.

हे मनात घोळत असता आम्हांस आपल्याच घरांतील एका जुन्या चालीची आठवण झाली. वार लावून जेवण्याची पद्धत आज नातवंडांस समजावून सांगावी लागते. खेड्यातून शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी सात घरे गाठी आणि प्रत्येक घरी आठवड्यातला एक वार जेवावयास जाई. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी वैद्यांकडे, बुधवारी शाळेतल्या गुरुजींकडे, असा त्याचा आठवडा भरे. ज्यास सात घरे मिळत नसत तो माधुकरी मागे. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. तेथील मुले आरंभी माधुकरीवरच शिकली. किती तरी घराण्यांचा पहिला पदवीधर अशाच रीतीने शिकून निघालेला आहे.

ह्या चालीत एक मोठे शहाणपण होते. सात घरांपैकी एकाही घरावर मुलाचा सगळा भार पडत नसे. एका पानाने कोणाचा संसार बुडत नाही; पण सात घरांची सात पाने मिळून एक आयुष्य उभे राहते. शिवाय घरच्या बाईस त्या दिवशी दया यावी लागत नसे. मंगळवार आला की एक पान जास्त मांडावयाचे, एवढेच. मन प्रसन्न असो वा नसो, पान मांडले जाई. मुलासही आज मिळेल की नाही, ह्या चिंतेत झोपावे लागत नसे.

तथापि ह्या चालीचे गुणगान करून थांबलो तर ते अर्धे सत्य होईल. वाराच्या मुलास काही घरी शिळे मिळे, काही घरी पंक्तीच्या शेवटी बसविले जाई. तूप वाढताना यजमानाच्या मुलाच्या भातावर धार आणि त्याच्या भातावर थेंब पडे. त्याने आडाचे पाणी ओढावे, गंध उगाळावे, बाजारहाट करावी, अशी अपेक्षा असे. पण ह्याहून मोठी उणीव निराळी होती. ती आमच्या घरातील एका प्रसंगावरून सांगतो.

आमच्या लहानपणी, १९५५ च्या सुमारास, आमच्या घरी मंगळवारचा वार असलेला एक मुलगा येत असे. आमच्या आजीचा नियम कडक: वाराचा मुलगा घरातल्या मुलांच्याच पंक्तीत बसेल, आणि सर्वांच्या आधी त्याच्या पानावर तूप पडेल. एके दिवशी काकूच्या दृष्टीस पडले की, त्या मुलाने जेवता जेवता एक पोळी घडी घालून सदऱ्याच्या खिशात सरकविली. काकूने गलबला केला. आजीने सर्वांना गप्प बसविले, मुलास जेवू दिले, आणि हात धुतल्यावर त्यास बाजूस घेऊन विचारले, “बाळ, भूक राहिली होती का? मग मागायचीस.” तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “आजी, माझ्यासाठी नाही. वर्गात माझ्या शेजारी बसतो त्याच्यासाठी. तो दुपारी काही खात नाही.” आजी म्हणाली, “अरे, मग त्यालाही वार लावून घ्यायला सांग.” त्यावर तो मुलगा जे बोलला ते आम्ही सत्तर वर्षांत विसरलो नाही. तो म्हणाला, “त्याला वार कोण देणार, आजी? तो आपल्यातला नाही.”

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पुढच्या मंगळवारी त्याला घेऊन ये.” तो आला. चार मैल चालून शाळेत येणारा, अंगाने वाळलेला, डोळ्यांत हुशारी असलेला मुलगा. आजीने त्याला पोटभर वाढले. परंतु वाढले ते ओसरीवर, पत्रावळीवर, वरून. त्याचा मित्र आत पंक्तीत आणि तो बाहेर ओसरीवर, दोघांच्या मध्ये एक उंबरठा. तीन मंगळवार तो आला. चौथ्या मंगळवारी आला नाही. आजीने विचारले तेव्हा मित्राने सांगितले, “त्याला बोर्डिंगात जागा मिळाली. तिथे सगळी मुलं एका ओळीत बसून जेवतात.” आजी एवढेच म्हणाली, “बरं झालं. आपल्याकडे त्याचं पोट भरलं, पण तो जेवला नाही.”

हे बोर्डिंग म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे. संस्थेची स्थापना १९१९ साली कऱ्हाडजवळील काले ह्या गावी झाली, आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. ज्या काळी एका पंक्तीत बसणे ही बोलण्यापुरती गोष्ट होती, त्या काळी येथे मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवीत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी ह्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मोडू दिले, ही हकीकत साताऱ्यात सर्वांच्या तोंडी आहे. १९३० साली त्या वारल्या. स्वतःच्या लेकरांत आणि बोर्डिंगातल्या लेकरांत त्यांनी उंबरठा ठेवला नव्हता.

भाऊरावांच्या आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी तेच दुःख ओळखले होते. खेड्यातील मुलास शहरात शिकावयाचे तर प्रथम छप्पर आणि अन्न हवे, आणि ब्राह्मणेतर मुलास ती दोन्ही घरोघर मिळणार नाहीत, हे ध्यानी घेऊन त्यांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. आणि त्यांच्या आश्रयाने व उत्तेजनाने जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे निघत गेली. त्याही आधी, १८६८ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. पाण्याचा हौद म्हणजे घरातली केवढी लहान गोष्ट! परंतु आपल्या वारांच्या सात घरांनी मिळून जे केले नाही ते त्या एका हौदाने केले. आपली माया खरी होती, नियमितही होती. पण तिला कुंपण होते. हे आपण आपल्या घरातच, आपल्या मुलांसमोर, एकदा मोकळ्या मनाने बोलले पाहिजे.

आमच्या आजीचा पुढचा वृत्तांत सांगितला पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. भाऊरावांच्या मुष्टिफंडाची गोष्ट तिच्या कानी आली होती. गृहिणीने रोज दळणाकांडणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूस काढावे, आणि त्या मुठींवर मुलांनी शिकावे, अशी ती योजना. त्या मंगळवारनंतर आजीने पाटाखाली एक पितळी डबा ठेवला. तांदूळ निवडण्यापूर्वी पहिली मूठ त्या डब्यात. महिना भरला की आमच्यापैकी कोणी तरी ते धान्य बोर्डिंगात पोचते करावयाचे. तिने आपले सोवळे शेवटपर्यंत सोडले नाही, आणि मूठही शेवटपर्यंत सोडली नाही. दोन्ही गोष्टी जशा होत्या तशा लिहिल्या आहेत. उंबरठा ओलांडणे तिला साधले नाही. पण उंबरठा आहे हे तिला कळले होते, आणि कळल्यावर ती स्वस्थ बसली नाही.

आज वाराची चाल संपली, ह्याचे आम्हांस दुःख नाही. मुलाने दुसऱ्याच्या दाराशी उभे न राहता शिकावे, हेच इष्ट. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांच्या पुढाकाराने निघालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांनी खेड्यांतील मुलांस राहण्याजेवण्याची सोय मानाने करून दिली. १९९५ सालापासून देशात शाळेत माध्यान्ह भोजनाची योजना चालू झाली; २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच दिले पाहिजे असा आदेश दिला; आणि आज शाळेच्या ओसरीवर सर्व जातींची मुले एका ओळीत खिचडी खातात. जे काम सात घरांनी निवडक मुलांपुरते केले ते कायद्याने पुष्कळांसाठी होऊ लागले. हे मोठे पाऊल आहे.

परंतु सरकारास जे करता येत नाही असेही काही उरते. खिचडीचा हक्क कायद्याने देता येतो; भिंतीवर आपटणाऱ्या तांब्याचा आवाज ऐकण्याचे काम कायद्यास सांगता येत नाही. पूर्वी शहरात एकटे पडत ते शिकावयास आलेले मुलगे. आज त्याच शहरांत एकटे पडतात ते शिकून गेलेल्या मुलांचे आईबाप. सदाशिव पेठेत पाहा, सांगलीच्या गावभागात पाहा, आमच्या आळीत पाहा: दिवे लागलेली घरे आहेत, आत एकेकच माणूस आहे. त्यांस अन्नाची वाण नाही, औषधाची नाही. त्यांस कोणाच्या तरी आठवड्यात आपला एक वार असणे, एवढेच हवे आहे.

म्हणून बाईंची लेक गेल्यानंतर एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर आळीतली माणसे जमली, आणि आम्ही जुन्या चालीची आठवण देऊन वार वाटून घेतले. सोमवार आम्ही घेतला; तो आम्ही घ्यावा हे उघडच होते. मंगळवार समोरच्या जोडप्याने घेतला. बुधवार घरी बसून संगणकावर कामे करणाऱ्या एका सुनेने. गुरुवार मागच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या कॉलेजच्या चार मुलांनी, “आम्ही आलटून पालटून जाऊ” म्हणून. शुक्रवार कोपऱ्यावरच्या वहिनींनी, शनिवार वकिलांच्या घराने. रविवारपाशी गाडे अडले. कोणाचे पाहुणे येतात, कोणास बाहेरगावी जावयाचे असते. सर्वजण एकमेकांकडे पाहू लागले. गवळी त्या वेळी संध्याकाळचे दूध घालून निघाला होता. तो पायरीशी थांबून ऐकत होता. म्हणाला, “रविवार माझ्याकडे द्या की. मी तर रोजच येतो. रविवारी जरा टेकेन.”

आम्ही ही योजना घेऊन बाईंकडे गेलो. त्या आभार मानतील अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी चष्मा काढला आणि अटी घातल्या. पहिली: “कशा आहात असं तोंड करून कोणी यायचं नाही. येताना काही काम घेऊन यायचं. मी चाळीस वर्षं गणित शिकवलंय. अजून डोकं शाबूत आहे.” दुसरी: “ज्याचा वार त्याने ठरल्या वेळी यायचं. जमत नसेल तर बदली माणूस पाठवायचा. वाट पाहणं हे म्हाताऱ्या माणसाला पडण्यापेक्षा वाईट.” तिसरी: “माझ्याकडे आलेल्याने माझा चहा प्यायचा. नाहीतर मीही तुमचा डबा घेणार नाही.” आम्ही तिन्ही अटी मान्य केल्या. पहिली अट ऐकताना आम्हांस वाराच्या मुलाची आठवण झाली. घेणाऱ्यास काही देऊही दिले, तर त्यास घेणे जड जात नाही, हे त्या मानी बाईंनी आम्हांस दोन वाक्यांत शिकविले.

ह्या योजनेस आता आठ महिने झाले. सर्व काही सुरळीत चालले असे म्हटले तर ते खोटे होईल. दुसऱ्याच महिन्यात एका सोमवारी आम्ही कऱ्हाडास लग्नास गेलो, बदली माणूस पाठविण्याचे विसरलो. मंगळवारी सकाळी भेट झाली तेव्हा बाई काही रागावल्या नाहीत. “काल तुमचा वार होता,” एवढेच म्हणाल्या. शब्दकोडे उघडून आणि दोन कप मांडून त्या सहा वाजल्यापासून बसल्या होत्या, हे आम्हांस मागाहून समोरच्या घरातून कळले. तेव्हापासून आमच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक सोमवारभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ असते, आणि नातवंडेच आठवण करतात, “आजोबा, आज बाईंचा वार.”

रविवारी गवळी येतो तो आपल्या मुलीस घेऊन येतो. ती दहावीत आहे आणि बीजगणितास भीत होती. बाई तिला माजघरात आपल्या शेजारी टेबलापाशी बसवितात. चौकटीचा आधार घेत स्वतः तीन कप चहा करतात. हात थरथरतो, म्हणून कप उचलून नेण्याचे काम मुलीचे. एकदा आम्ही काही निमित्ताने रविवारी डोकावलो. समीकरण सुटले होते, मुलगी हसत होती, तिचा बाप खिडकीची सैल झालेली कडी बसवीत होता, आणि टेबलावर कंदी पेढ्यांचा पुडा उघडा होता. आम्हांस आजीच्या ओसरीवरची पत्रावळ आठवली. त्या ओसरीपासून ह्या माजघरापर्यंतचे अंतर चार पावलांचे. ते चालावयास आमच्या आळीस सत्तर वर्षे लागली, आणि शेवटचे पाऊल टाकले ते आम्ही नव्हे, रविवार मागून घेणाऱ्या त्या गृहस्थाने.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे भरलेली आहेत. सासूसासरे, दीरजावा, मुलेबाळे एका छपराखाली नांदतात, ही भाग्याची गोष्ट. परंतु भरल्या घराचा एक दोष असतो: त्यास बाहेरची उणीव भासत नाही. घरातच दहा माणसे असली म्हणजे अकरावे कोण एकटे आहे हे पाहावयास सवड राहत नाही. उलट पाहता, वार पाळणे ज्या घरास सर्वांत सोपे तेही हेच घर. एकास जमले नाही तर दुसरा जाईल. सून गेली नाही तर नातू जाईल. म्हणून आमची विनंती एवढीच की, हा अंक वाचून झाल्यावर घरातील मंडळींनी एकत्र बसून दोन प्रश्न विचारावेत. आपल्या आळीत, आपल्या इमारतीत, कोणाचे दार उद्या उघडले नाही तर ते कोणाच्या लक्षात येईल? आणि ते आपल्या लक्षात यावे म्हणून आठवड्यातला कोणता वार आपण देऊ शकतो?

मोठा संकल्प नको. रोज जाण्याचे वचन देऊ नका. ते पाळले जात नाही, आणि मोडल्यावर दोघांसही लाज वाटते. एकच वार घ्यावा, अर्ध्या तासाचा, आणि तो मात्र चुकवू नये. ज्याच्याकडे जावयाचे त्याची पोटजात, गाव, भाषा विचारू नये. रिकाम्या हाताने गेले तरी चालेल. पण त्याच्याकडून काही तरी घेऊन परतावे, एखादी कृती, एखादी आठवण, एखादे सुटलेले कोडे. आणि वार वाटून घेताना आपल्या दाराशी रोज येणाऱ्या माणसांस वगळू नये. दूध घालणारा, वर्तमानपत्र टाकणारा, धुणेभांडी करणारी बाई, ह्यांस आपल्या आळीची खबर आपल्याहून अधिक असते.

आमच्या बैठकीची ती भिंत अजून तशीच आहे. आता बातम्यांचा आवाज आम्ही कमी ठेवतो. बाईंनी चौकट टेकली की पलीकडे टक् असा आवाज होतो. सकाळी सहा वाजता तो ऐकू आला म्हणजे आम्ही वर्तमानपत्र उघडतो. सव्वासहापर्यंत ऐकू आला नाही, तर उघडीत नाही.